घरातली माणसं चार

बाबा,

आज सकाळी दारात जनगणनेची बाई आली होती. बाई कसली, पोरगीच. नवीन लागलेली मास्तरीण, गळ्यात ओळखपत्र, छातीशी फॉर्मचा गठ्ठा धरलेला. खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली, "मॅडम, घरात माणसं किती?" सोपा प्रश्न. मी, माझे यजमान आणि मुलगा, तीन. पण मला ते तीन पटकन सांगता येईना. "थांब हं जरा," म्हणून मी आत गेले, पुसलेला ओटा परत पुसला आणि मग बाहेर येऊन तीन म्हणाले. ती लिहून निघून गेली आणि मी टेबलाशी बसले. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. काळ गेला की राग निवतो, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. माझा निवला नाही. म्हटलं, एकदा तुम्हालाच सांगून टाकावं. उलट बोलायला तुम्ही नाही आहात, पण असतानाही कुठं बोलायचात? गप्प बसायचात, आणि त्या गप्प बसण्याचाच मला जास्त राग आहे.

एक्याऐंशीची जनगणना तुमच्या आयुष्यातला मोठा सण होता. इचोड्याच्या अलीकडच्या आपल्या गावात तुम्ही मराठी शाळेचे मास्तर, आणि आपल्या गावासकट आणखी दोन वस्त्या तुमच्या वाट्याला आलेल्या. आजी तिला अजून निजामाच्या काळातल्यासारखी खानेशुमारी म्हणायची. "माया लेक खानेशुमारीचा साहेब झाला," असं ती विहिरीवर सांगत सुटली होती. आदिलाबादला तहसिलीत तुमचं ट्रेनिंग झालं, सगळं तेलुगूत. तुम्ही कष्टानं शिकलेलं तेलुगू, त्यामुळे रोज आल्यावर कंदिलापाशी बसून सूचनांचं पुस्तक मराठीत पुटपुटत पाठ करायचात. गावातल्या प्रत्येक दारावर गेरूनं नंबर टाकलात, एकेक आकडा फळ्यावर काढावा तसा रेखून. फॉर्मला घडी पडता कामा नये म्हणून तुम्हाला पिशवी हवी होती, आणि ती पिशवी अक्कानं शिवली. मांजरपाटाचं दुहेरी कापड, आत दोन कप्पे, पेनासाठी वेगळी खोळ. हाताचे टाके, पण मशीनवरचे वाटावेत असे. तुम्ही ती उलटीपालटी करून पाहिलीत आणि म्हणालात, "सुपरवायझरकडंबी नसन अशी." त्या दिवशी अक्का कितीतरी वेळ हसऱ्या चेहऱ्यानं फिरत होती.

अक्का तेव्हा वीस वर्षांची आणि मी पंधरा. एकोणऐंशीच्या दसऱ्याच्या आधी ती सासरहून, तलमडुगूकडच्या गावावरून, आपली लोखंडी पेटी घेऊन एकटी परत आली होती. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही, म्हणून नवऱ्यानं दुसरी आणून ठेवली आणि हिला म्हणाला, राहायचं तर राहा, जायचं तर जा. ती आली. आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला जायला लागली. पहाटे उठून पाच जणांच्या भाकरी थापायच्या, मग शेतात, आल्यावर आजीचे पाय दाबायचे. मोजणी आली तोवर दीड वर्ष ती अशी आपल्या घरात होती. तुम्ही मोजणीला निघायचात ते तिनं बांधून दिलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन.

आणि मोजणी तुम्ही केलीत ती मात्र, खोटं कशाला बोलू, बघण्यासारखी केलीत. लोक कागदाला घाबरायचे. "मास्तर, जमीन त नाई ना जानार?" "मास्तर, बौद्ध लिवलं त पोराची स्कॉलरशिप बंद होईन म्हनते." आणि तुम्ही प्रत्येक ओसरीवर तेच सांगायचात, "हा कागद कोन्या कोर्टात चालत नाई, कोनाले दाखवत नाई. जे हाय ते लिवा, जे पायजे ते नाई." एक दिवस जेवताना तुम्ही किस्सा सांगितलात. एका शेतकऱ्यानं घरात सहा माणसं सांगितली, आणि तेवढ्यात आतून कोणीतरी खोकललं. तुम्ही विचारलंत, "आतमंदी कोन खोकलून राह्यलं?" तो म्हणाला, "कोनी नाई मास्तर, बुढी हाय." तुम्ही म्हणालात, "बुढी कोनी नाई काय? सात झाले." आम्ही सगळे हसलो. सगळ्यात जास्त अक्का हसली. घास तोंडात होता तिच्या, ठसका लागला. मला ते हसू आठवतं तेव्हा तुमच्याबद्दल नको ते मनात येतं.

आपलं घर तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. रविवारची दुपार. तुम्ही बाहेर गेलात, पिशवी खांद्याला अडकवली आणि दारात उभे राहून साहेबी आवाजात विचारलंत, "घरवाले हायत का?" तुमच्यात असा खेळकरपणा कधी नसायचा. आजीही रंगात आली, "या साहेब, बसा. च्या घेता का?" म्हणाली. घराचा प्रमुख कोण, तर आजी म्हणते मीच. तुम्ही हसत हसत स्वतःचं नाव लिहिलंत. मग प्रमुखाची आई. मग प्रमुखाची बायको. मग मी. प्रत्येकीला तुम्ही खरोखर विचारत होतात, वय किती, लिहिता-वाचता येतं का, काम काय करता. अक्का उंबऱ्याशी सुपात ज्वारी पाखडत बसली होती. तुम्हाला हे माहीत नाही, बाबा, की आदल्या दिवशी तिनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काय काय इचारतेत गं? वय वीस सांगू का एकवीस?" तिला नीट उत्तरं द्यायची होती. माझं झालं तसं तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि सरसावून बसली. आणि तुम्ही पेनाला टोपण लावलंत.

"आन मी, बाबा?"

तुम्ही वर पाहिलं नाहीत. म्हणालात, "तुई गिनती तिकडं होईन."

"तिकडं कुठी?"

"तुया घरी."

माय चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "लिवून टाका ना. दीड वरीस झालं पोरगी इथी हाय." त्यावर तुम्ही आवाज खाली आणून, जणू अक्का तिथं नव्हतीच, मायला समजावलंत, "इथं लिवलं त लग्नाच्या रकान्यात नवऱ्यापासून येगळी लिवा लागते. सरकारी कागद हाय तो. उद्या त्याईनं न्याची म्हनली परत, त?" अक्कानं सूप उचललं आणि पाखडायला लागली. तुम्ही मोठ्यानं वाचलंत, घरातली माणसं चार. मी इचोड्याच्या शाळेत तेलुगू शिकत होते, तो तेलुगू फॉर्म मला वाचता यायचा, म्हणून तुमच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. चार ओळी भरलेल्या, पाचवी कोरी.

पंधरा दिवस घशाला कोरड पडेपर्यंत गावाला सांगितलंत की हा कागद कुठं चालत नाही, कोणाला दाखवत नाहीत. आणि आपल्या उंबऱ्याच्या आत तोच कागद तुम्हाला कोर्टाचा निकाल वाटायला लागला? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिला परत नेतील म्हणे. ज्यानं दुसरी आणून बसवली होती तो! तुमच्या मनात जे पाहिजे होतं ते तुम्ही लिहिलंत, आणि जे होतं ते तुमच्या पुढ्यात बसून ज्वारी पाखडत होतं. तिच्या भल्यासाठी केलं असं तुम्हाला वाटत असणार. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण मग चार लोकांत मास्तरांची टाकलेली मुलगी म्हणून कागदावर यायला नको, हे त्यात किती होतं? निम्मं? निम्म्याहून जास्त?

फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री ज्यांना घर नाही त्यांची मोजणी असायची. त्यासाठी तुम्ही इचोड्याच्या बसस्टँडवर गेला होतात. सकाळी चहा पिताना अगदी भरून येऊन सांगत होतात. स्टँडच्या भिंतीशी एक वेडी म्हातारी निजली होती, तिला स्वतःचं नाव सांगता येईना. सुपरवायझर म्हणाला, सोडा मास्तर. तुम्ही सोडलं नाहीत. ढाब्यावरून तिला चहा आणून दिलात आणि नाव माहीत नाही असं लिहून तिला मोजलंत. "नाव सांगत नाई म्हनून मानूस नाई, असं थोडंच हाय?" हे तुमचे शब्द. अक्का तुमच्या कपात चहा ओतत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिले लिवलं, अन अक्काले काऊन नाई?" तुमचा चेहरा बदलला. "तोंड लई सुटलं तुयं," म्हणालात, चहा अर्धा ठेवलात, सायकल काढलीत आणि निघून गेलात. अक्कानंच धावत येऊन तुम्हाला पिशवी दिली. मोजणी झाल्यावर पाच दिवस फेरतपासणीचे असतात. मधल्या दिवसांत कोणी जन्मलं तर नाव घालायचं, कोणी मेलं तर काढायचं, कोणी राहून गेलं तर लिहायचं. आम्हाला वाटलं तुम्ही त्याच कामाला गेलात. तुम्ही दिवस मावळताना परत आलात, धुळीनं भरलेले, आणि हातपाय धुऊन जेवायला बसलात.

एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी अक्कानं घराला चुना दिला. दरवाज्यावरचा तुमचा गेरूचा नंबरही तिनं कूची फिरवून झाकून टाकला. तुम्ही शाळेतून आलात आणि ओरडलात, "सरकारी नंबर हाय तो, पुसत नसतेत." ती शिडीवरच उभी होती, हातातून चुना गळत होता. म्हणाली, "ज्या घरात मी नाई, त्या घराचा नंबर मले काऊन सांगता?" तिनं तुम्हाला आयुष्यात एवढंच उलट उत्तर दिलं. तुम्ही आत गेलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेरू कालवून तोच नंबर त्याच जागी परत काढलात, आणि मी बघत राहिले की आता काहीतरी बोलाल, निदान तिच्याशी. मग काही महिन्यांनी तुमच्या चांगल्या कामाचं प्रमाणपत्र आलं. बुद्धाच्या फोटोखाली ते काचेत लावलं गेलं. त्याची काच दर आठवड्याला कोण पुसायचं, हे तुम्हाला सांगायला नको.

सासरचे कोणी कधी आले नाहीत. सहा वर्षांनी अक्काला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ती गेली, तेव्हाही नाहीत. वर्षभरात तुम्ही गेलात. लोक म्हणाले, पोरीचं दुःख बापाला सोसवलं नाही. मी मान डोलवत होते आणि मनात म्हणत होते की दुःख झालंच असेल तर ते त्या फॉर्मवर का दिसलं नाही. हिशेब असा आहे बाबा, की अक्का एकाहत्तरच्या मोजणीत दहा वर्षांची होती, तेव्हा एकदा मोजली गेली. एक्क्याण्णवला ती नव्हती. जाणती बाई म्हणून, कापूस वेचणारी, भाकरी थापणारी, तुमची पिशवी शिवणारी बाई म्हणून या देशाच्या कागदावर ती यायची एकच वेळ होती, आणि त्या वेळी पेन तुमच्या हातात होतं.

एवढ्यावरच राग थांबला असता. पण एक्क्याण्णवला मीही मास्तरीण झाले होते आणि जनगणनेचं काम माझ्याकडं आलं. ट्रेनिंगला मी तुमचीच पिशवी घेऊन गेले होते. शेजारच्या बाकावर तलमडुगूकडचे एक म्हातारे मास्तर बसलेले, रिटायर व्हायला आलेले. सारखे पिशवीकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "हे थैली ओळखीची हाय माह्या. तू त्या सरांची पोरगी का?" मी हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. एक्याऐंशीला अक्काच्या सासरचं गाव त्यांच्याकडं होतं. "तुये बाबा आल्ते माह्याकडं. फेरतपासनीच्या पयल्याच दिवशी, सायकल हानत. मले म्हने, माया पोरीचं नाव हाय का तुमच्या फॉर्मात? मी म्हनलं, सर, तिचा नवरा म्हनते अशी कोनी बाईच नाई आमच्या घरी. बायकोच्या जागी दुसरीचं नाव हाय. मीच त्याईले म्हनलं, सर, आज पयलीच तारीख हाय, पाच तारखेपावतर हातात हाय, तुमच्या इथी लिवून घ्या."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. पानी पेले अन गेले. मले वाटलं, लिवलंच असन."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला वाटत होतं की तिकडं मोजतील, इथवर मी तुम्हाला भोळे तरी म्हणत होते. पण तुम्ही चौकशी केली होतीत. तिकडं नाही, इकडं नाही, ती कुठंच नाही, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि पुढचे चार दिवस तो फॉर्म त्या पिशवीत, आपल्या खुंटीला लटकत होता. कोरी ओळ तशीच होती. एक ओळ, बाबा! रोज सकाळी ती पिशवी खुंटीवरून काढून तुमच्या हातात कोण देत होतं? तुम्ही तिच्या हातातून ती घेत होतात आणि खांद्याला अडकवून जात होतात. मी त्या ट्रेनिंगमध्ये पुढचं काही ऐकलं नाही. तेलुगूत काय काय सांगत होते ते सगळं वरून गेलं. एकदा मनात आलं की पिशवी तिथंच बाकाखाली टाकून यावी. पण टाके अक्काचे होते.

मीही आपलं घर शेवटी ठेवलं. तेव्हा आजीही गेलेली, घरात माय आणि मी, दोघीच. माय तुरी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून फॉर्म उघडला आणि विचारलं, "घरात मानसं किती?" माय म्हणाली, "तुले मालूम नाई का? दोन." मी लिहायला लागले. प्रमुख, माय. दुसऱ्या ओळीत प्रमुखाची मोठी मुलगी, वय तीस. काम करते का, तर हो, वर्षभर. कापूस वेचणी, निंदणी. लग्नाच्या रकान्यात आले तेव्हा कळलं की तुम्ही ज्याला एवढे घाबरलात तो एक लहानसा आकडा आहे. बोटाच्या नखाएवढा. तो लिहिला, मग तिसऱ्या ओळीत मी. आणि तुमच्यासारखंच मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्काचं नाव आलं तशी मायची बोटं सुपात थांबली. मग ती म्हणाली, "फेरतपासनीत मेलेल्याईची नावं काढतेत ना?"

"काढतेत."

"मंग काढशीन ना तू?"

मी म्हटलं, "काढीन."

पाच दिवस तो फॉर्म माझ्याकडं होता. तीच पिशवी, तीच खुंटी. जे हाय ते लिवा, जे पायजे ते नाई, हे तुमचं वाक्य शाळेत मुलांना मी आजही सांगते. आणि पाचव्या दिवशी दुपारी मी सगळे फॉर्म नेऊन जमा केले, आपल्या घराची माणसं तीन. त्या वर्षी या देशात एक बाई जास्त मोजली गेली आहे. कापूस वेचणारी, तीस वर्षांची. माझं हे खोटं आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मायला मी सांगितलं की काढलं. पण त्या वर्षी जयंतीला चुना देताना तिनं दारावरचा माझा नंबर तेवढा सोडून बाकीची भिंत रंगवली.

हे कुठं पाठवायचं नाही. घडी घालून त्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवीन, तिथं अजून गेरूचा डाग आहे. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, तसं समजू नका. फक्त एक गोष्ट मायलाही सांगितली नव्हती, ती लिहून टाकते. त्या पाच दिवसांत मी रोज अक्काची ओळ खोडायला पेन काढून तिच्यापाशी नेत होते आणि परत टोपण लावत होते. चौथ्या दिवशी, टोपण लावताना, मला तुमची आठवण आली, आणि तेवढा एक क्षण मला तुमचा राग आला नाही.